बेंचमार्कमधील संभाव्यता: दशांशात तपासावी की पूर्णांक उंबरठ्याने?

दशांशवैरी: "लूपमध्ये संभाव्यता दशांशातच तपासावी, पूर्णांक उंबरठे ही जुन्या मंडळींची हौस आहे," असे काल येथे कोणी ठणकावून सांगितले, म्हणून हे लांबलचक उत्तर. आपल्या बेंचमार्कमध्ये, म्हणजे कोडचा वेग मोजणाऱ्या चाचणीत, ब्रँच (कोडमधील 'जर-तर'चा फाटा) ठरावीक संभाव्यतेने घेतली जायला हवी. ती घेतली जाईल की नाही हा प्रोसेसरचा अंदाज चुकल्याची किंमत जेमतेम १५ ते २० सायकल, म्हणजे प्रोसेसरचे ठोके, असते. ती मोजायची आणि त्याच लूपमध्ये दर फेरीला यादृच्छिक पूर्णांकाचे डबलमध्ये (दशांश संख्यांच्या प्रकारात) रूपांतर करायचे, म्हणजे तराजूच्या पारड्यावर स्वतःच हात ठेवायचा. संभाव्यतेला २च्या ३२व्या घाताने लूपबाहेर एकदाच गुणून पूर्णांक उंबरठा काढावा आणि आत ३२ बिटांच्या यादृच्छिक पूर्णांकाशी त्याची केवळ तुलना ठेवावी.

उलटतपासणी: काल लिहिणारा मीच. संभाव्यता १.० दिली की आपला उंबरठा ४२९४९६७२९६ होतो आणि ३२ बिटांत मावत नाही. सी भाषेत अशा रूपांतराच्या परिणामाची कोणतीही हमी नाही. आमच्या एका सहकाऱ्याने ०.२९ला १००ने गुणून पूर्णांकात टाकले, तेव्हा २८ मिळाले, आणि 'एकोणतीस टक्के' असे लिहिलेल्या त्या आलेखावरून बैठकांमागून बैठका झडल्या.

दशांशवैरी: तो दोष १००चा आणि अपूर्णांक छाटण्याचा. ०.१चा उंबरठा ४२९४९६७२९ येतो. छाटला गेलेला ०.६ चारशे कोटींत कुठे शोधणार? उंबरठा ६४ बिटांच्या चलात ठेवल्यास १.०चीही अडचण उरत नाही.

बाकीशून्य: आपण दोघेही मूळ रोग सोडून भांडत आहात. ३० टक्के संभाव्यतेसाठी रँडला (यादृच्छिक पूर्णांक देणाऱ्या फंक्शनच्या उत्तराला) १००ने भागून बाकी ३०हून लहान आहे का, हे पाहणारा कोड आजही लिहिला जातो. मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीत रँडची कमाल ३२७६७ आहे, त्यामुळे ० ते ६७ या बाक्या प्रत्येकी ३२८ वेळा आणि पुढच्या ३२७ वेळा येतात, आणि आपले ३० टक्के ३०.०३ होतात.

उलटतपासणी: एवढ्यासाठी एवढा संताप? ब्रँच प्रेडिक्टरला, म्हणजे ब्रँचचा अंदाज बांधणाऱ्या प्रोसेसरच्या भागाला, त्याचे सोयरसुतक नाही.

बाकीशून्य: प्रेडिक्टरचे नाव काढलेत, तर हेही ऐका. हजार यादृच्छिक संख्यांची एकच सरणी पुन्हापुन्हा फिरवली, तर आजचे प्रेडिक्टर तो क्रम पाठ करू शकतात; मग उंबरठा कितीही अचूक असला तरी आपण यादृच्छिक ब्रँच मोजतच नाही.

दशांशवैरी: हा मुद्दा खरा असला तरी तो माझ्या विरोधात जात नाही, एवढी नोंद असावी.

उलटतपासणी: ६४ बिटांचा उंबरठा मान्य, नाइलाजाने. मात्र वेळेच्या आकड्याशेजारी ब्रँच प्रत्यक्षात किती टक्के वेळा घेतली गेली तेही छापावे. ते छापले जात नसेल, तर माझी मान्यता मागे घेतली असे समजावे.