जपून ठेवलेली बंदूक, चुकून घेतलेली बंदूक (अनुभव धागा)

जुनामाऊस: काल भाचा 'डूम इटर्नल' या राक्षस मारायच्या व्हिडिओ गेमचं पहिलं एक्सपान्शन (मूळ गेमला जोडून आलेला नवा भाग) खेळत होता, २०२० सालचं. मी शेजारी, फुकटचे सल्ले द्यायला. सगळ्या बंदुका सुरुवातीपासूनच पूर्ण अपग्रेड केलेल्या मिळतात, त्यामुळे स्वारी खूश. मग ते भूत आलं. राक्षस मेला की त्याच्या अंगातून निघतं आणि दुसऱ्यात शिरतं. रॉकेटं घातली, सुपर शॉटगन घातली, ढिम्म. ते मरतं फक्त प्लाझ्मा रायफलच्या मायक्रोवेव्ह बीमने. आणि या पठ्ठ्याने मूळ गेम सगळा हीट ब्लास्टवर, म्हणजे त्याच रायफलच्या दुसऱ्या जोडणीवर, काढलेला. "मामा, बीम लावायचा कसा?" आता मला काय विचारतोस!

त्यावरून 'ऑपोझिंग फोर्स' आठवला, 'हाफ-लाइफ' गेमचं एक्सपान्शन. १९९९. मी आणि दादा, एकच खुर्ची. 'हाफ-लाइफ'ची कटावणी जाऊन हातात पाईप पाना आलेला. पुढे डिस्प्लेसर मिळाली, हिरवा गोळा सोडणारी. एका बाराला दारूगोळ्याचे २० युनिट, मावणार १००. म्हणजे पाच बार. मी ती जपली. मोठ्या राक्षसासाठी, मग त्याहून मोठ्यासाठी. गेम संपला तेव्हा १०० च्या १०० शिल्लक. दादा म्हणाला, "आता काय, बँकेत ठेवणारेस?"

तुमचंही असं काही असेल तर लिहा.

सतरा_नाणी: आयडीवरून कळलंच असेल. सप्टेंबर २०१४, 'डेस्टिनी' हा ऑनलाइन गेम येऊन दुसरा आठवडा, त्यातल्या झूर नावाच्या दुकानदाराकडे ग्यालारहॉर्न हा रॉकेट लॉन्चर १७ नाण्यांना. माझ्याकडे मोजून १७. मित्राला विचारलं तर म्हणे रॉकेट लॉन्चरवर कोण नाणी घालवतं, हेवीच्या, म्हणजे जड बंदुकांच्या, गोळ्या मिळतात कुठे. पटलं. १३ चं चिलखत घेतलं. डिसेंबरात 'द डार्क बिलो' हे एक्सपान्शन आलं आणि रेडला (टोळीने खेळायच्या अवघड मोहिमेला) जायचं म्हटलं की पहिला प्रश्न, "ग्याला आहे?" एक रॉकेट फुटून त्यातून छोटी छोटी शत्रूला हुडकत जातात, समोरचा बॉस विरघळायचा. झूरकडे ती परत आली पुढच्या ऑगस्टमध्ये. तो मित्र अजून मित्र आहे, पण त्याचा सल्ला घेत नाही. मोबाइल घ्यायचा असला तरी.

पाटी_कोरी: @सतरा_नाणी 🤣 डार्क बिलोवरून आठवलं. जुनी एक्झॉटिक (दुर्मिळातली दुर्मिळ बंदूक) झूरकडून वाढवून घेतली की ताकद वाढायची, पण मेहनतीने उघडलेली पर्क्स, म्हणजे तिच्या खास करामती, सगळी पुसली जायची, पुन्हा पहिल्यापासून. मी कुठे वाचतोय! शुक्रवारी वाढवून आणली, शनिवारी रेड. अपग्रेड करून आधीपेक्षा कच्ची बंदूक घेऊन गेलेला मी एकटाच. सगळे थांबले होते माझ्यासाठी.

मधलीबहीण: आम्ही दोघी, एकच टीव्ही, अर्धी अर्धी स्क्रीन, 'बॉर्डरलँड्स २'. त्यात पेटीतून पडेल ते जो आधी उचलेल त्याचं. ताईचा अंगठा बटणावर चिकटवल्यासारखा असायचा. एकदाच मला ५० लेव्हलची नारिंगी, म्हणजे दुर्मिळ, स्नायपर मिळाली. मिरवली नुसती. मग २०१३ मध्ये पॅक आला, कमाल लेव्हल ५० ची ६१ झाली, आणि माझी स्नायपरबाई ५० वरच. त्या गेममध्ये बंदूक वर चढवता येत नाही, नवी शोधायची. मी हट्टाने ५७ पर्यंत रेटलं. डोक्यात गोळी बसली तरी समोरच्याला गुदगुल्या. ताई तोवर तीन बदलून बसलेली.
तिसऱ्या भागात लूट ज्याची त्याला वेगळी दिसते. ताई म्हणते मजाच गेली.

चक्कर_येते: मी खेळत नाही, पाच मिनिटांत मळमळतं. फक्त वाचायला आले. लिहा अजून.

जुनामाऊस: @चक्कर_येते सेटिंगमध्ये एफओव्ही (स्क्रीनवर किती रुंद दिसतं ते) वाढवून बघा, आणि चालताना कॅमेरा डुलतो तो बंद करता येतो का ते. मला फरक पडला.

चक्कर_येते: बघते. कपडे वाळत घालून येते.

गंजलेला_बोल्ट: @जुनामाऊस भाच्याला सांगा, 'डूम इटर्नल'च्या दुसऱ्या एक्सपान्शनमध्ये अजून मजा आहे. स्टोन इम्प. हा राक्षस दगडी अंगाचा, शॉटगनच्या फुल ऑटोशिवाय (सलग गोळ्या सोडणारी जोडणी) फारसं काही चालत नाही. मी फुल ऑटोला हातही लावला नव्हता, शॉटगनच्या दुसऱ्या जोडणीवर, स्टिकी बॉम्बवर, संसार चाललेला. काहीजण यावर चिडले, की आम्हाला हवं तसं खेळू द्या. मला उलट आवडलं. नाहीतर आठ बंदुका देऊन माणूस दोनच वापरतो.

मधलीबहीण: आवडलं कसं काय? हात बांधून खेळायला लावणं ते.

गंजलेला_बोल्ट: हात नाही, सवय. बरं, ऑफिसात आहे, नंतर भांडू.

पुसून_ठेव: मी 'मेट्रो एक्झोडस'वाली. आमच्याकडे दुकान नाही. मेलेल्याच्या बंदुकीवर दुर्बीण बरी दिसली की काढून आपल्या बंदुकीला लावायची. मला मारामारीपेक्षा टेबलावरचं काम आवडायचं. चिखल बसला की बंदूक ऐन वेळी अडकते, मग रसायनं खर्चून पुसायची. त्याच्या 'सॅम्स स्टोरी' या एक्सपान्शनमध्ये व्लादिवोस्तोकचं बुडालेलं शहर समोर आणि मी आपली सायलेन्सर लावू की लांब नळी यावर वीस मिनिटं. नवरा म्हणाला, घरातला ओटा कधी असा पुसलेला पाहिला नाही. त्याला म्हटलं, ओटा अडकत नाही.

सतरा_नाणी: "ओटा अडकत नाही" 😂😂

आर्काईव्ह: @जुनामाऊस डिस्प्लेसरचं उजवं बटण कधी दाबलं होतंत?

जुनामाऊस: नाही. का?

आर्काईव्ह: समोरचा नाही, आपणच उडतो. थेट झेनमध्ये, गेममधल्या परग्रही जगात. तिथे बऱ्याचदा गोळ्या, औषधपाणी ठेवलेलं असतं. ६० युनिट जातात फक्त.

जुनामाऊस: हे मला आत्ता सांगताय?? 😭 थांबा, गेम उतरवतो.

पाटी_कोरी: सेव्ह करून दाबा हं. माझ्यासारखं नको.

जुनामाऊस: दाबलं. खरंच पडलो झेनमध्ये. दादाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: "किती उरले?"
४० म्हटलं तर म्हणाला, आता ते तरी वापर.

मधलीबहीण: ताई आत्ता हे सगळं वाचतेय. ती म्हणते ती स्नायपर आधी तिने पाहिली होती.