कण्हेर धरणासाठी कयाक (वल्ह्याची अरुंद छोटी होडी), बजेट २५ हजार

साताऱ्यात राहतो. कण्हेरच्या काठावरून गळ टाकून कंटाळलो. कटला मासा नेमका टप्प्याबाहेर उसळतो. कयाक, वल्हं, जॅकेट सगळं २५ हजारांत बसवायचंय. हवा भरायची कयाक घेऊ का?

— भावा, मी घेतली होती. तिसऱ्याच खेपेला काठावर ओढताना बाभळीचा काटा घुसला. फुस्स! दिवसभर पंक्चर चिकटवत बसलो, मरळ मासा राहिला बाजूला. जुनी प्लास्टिकची बघ, आत न बसता वर बसायची. आलेलं पाणी तळाच्या भोकांतून आपोआप जातं. गळाचा रॉड अडकवायला पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरतो.

— जॅकेटमध्ये काटकसर नको. आणि मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे ते आधी विचारा.

— आम्ही सांगलीकर. कृष्णेत मगरी, त्यामुळं आपलं काठावरूनच बरं. तेही चार हात लांबून!