पहिली सर गेली की पावसाळी गटारातलं पाणी स्वच्छ? साफ चूक

पाणलोट: "पहिल्या सरीत घाण वाहून जाते, पुढचं पाणी स्वच्छच" ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. एका छपरापुरतं ठीक. वसाहतीत लांबच्या गल्लीचा पहिला लोंढा गटाराच्या मुखाशी पोचतो तेव्हा जवळचा रस्ता धुऊन झालेला असतो. दोन्ही पाणी मिसळतं, गढूळपणाचा चढ दिसतच नाही. शिवाय हिशेब करा. १ हेक्टर, १० मिमी पाऊस, ६० टक्के वाहून आलं तर ६० घनमीटर. लिटरला २०० मिग्रॅ गाळ धरला तर १२ किलो. ४० मिमी पावसात गाळ ८० मिग्रॅवर उतरला तरी १९ किलो! नदीत किलो जातात, मिलिग्रॅम नव्हे.

कोरडे दिवस: असहमत. आधी किती दिवस पाऊस नव्हता, ते कुठे धरलंत?

पाणलोट: धूळ रोज सारखी वाढत नाही. सुरुवातीला झपाट्याने साचते, मग जेवढी नवी येते जवळपास तेवढीच वारा आणि गाड्या उडवून लावतात. पावसाचा जोर जास्त महत्त्वाचा. भुरभुरीने वाळू हलत नाही.

कोरडे दिवस: मग रस्ते नीट झाडा, प्रश्न मिटला.

गाळउपसा: कसला मिटला? जस्त, तांबं चिकटतं बारीक कणांना, आणि तेच झाडूखालून सुटतात. अमेरिकेतल्या १९८३ च्या सरकारी अभ्यासातही झाडलोटीने प्रदूषण फारसं घटलं नव्हतं.

कोरडे दिवस: तेव्हाची यंत्रं फिरत्या ब्रशांची होती! आताच्या व्हॅक्यूम गाड्या बारीक धूळही ओढतात. आणि पानांचं काय? भिजली की काही तासांत स्फुरद (फॉस्फरस) सोडायला लागतात. पावसाआधी उचलली तरच उपयोग.

गाळउपसा: बरं, पानांपुरतं मान्य. पण गाळ अडवणारे गटाराचे चेंबर कोण बघतं? काठी घालून मोजा. तळापासून बाहेरच्या पाइपापर्यंतची निम्मी खोली गाळाने भरली की उपसायलाच हवं, नाहीतर जोराची सर साचलेलं ढवळून पुढे ढकलते. आणि उपसलेला गाळ काठावर ठेवायचा हा कुठला प्रकार? पुढच्या पावसात तो परत आतच.

पाणलोट: झाडू-चेंबरात मूळ प्रश्न बुडाला. सुरुवातीलाच एक बाटली भरून निष्कर्ष काढू नका. सर संपेपर्यंत प्रवाहाच्या प्रमाणात (पाणी जास्त तेव्हा जास्त) नमुने घ्या, मग सरासरी काढा.

कोरडे दिवस: तेवढं पटलं. पहिला लोंढा मात्र सोडणार नाही. छोट्या, फरसबंद वसाहतीत तो दिसतोच.

गाळउपसा: नमुन्याआधी एक करा. पाऊस थांबून ७२ तास झाले तरी पाइप वाहतोय? अमोनिया तपासा. जास्त निघाला तर कुणाचं तरी मैलापाणी जोडलेलं असण्याची दाट शक्यता. ते शोधल्याशिवाय पावसाला दोष देऊ नका.