'फाइन' म्हणजे नक्की किती चांगलं? मदत हवी आहे

वाटसरू:
मंडळी, एका साध्या शब्दाने माझी पार गोची केलीय म्हणून हा धागा. शब्द आहे फाइन. हसू नका, शाळेतलं पोरगंही अर्थ सांगेल, परवापर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

झालं असं की आमच्या टीममध्ये एक सहकारी आहे, तिची मातृभाषाच इंग्रजी. तिने दोन रात्री जागून एक रिपोर्ट केला आणि खरंच झकास केला, आकडे, तक्ते सगळं जिथल्या तिथे. मी वाचल्या वाचल्या चॅटवर टाकलं, 'युवर रिपोर्ट इज फाइन.' माझ्या डोक्यात 'एकदम फाइन' होतं, आपण दोन बोटं जुळवून म्हणतो ना तसं. तिकडे टायपिंग चालू दिसतंय, बंद होतंय, परत चालू, परत बंद, आणि शेवटी काय आलं तर 'ओके, व्हॉट शुड आय चेंज?' मी चाट. बदल म्हणून मी कुठे म्हटलं? मग घाईघाईने लिहिलं, 'नो नो, इट्स फाइन!' उद्गारचिन्हासकट. त्यावर नुसता अंगठा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बाईंनी अख्खा रिपोर्ट नव्याने करून पाठवलेला.

डिक्शनरी उघडली तर उत्तम, सुंदर, तलम, बारीक, ठीक, दंड असं सगळं एका रांगेत. अरे एकच शब्द उत्तम पण आणि नुसता ठीक पण कसा काय? आणि दंड मध्येच कुठून उगवला? कुठे कुठला शब्द वापरायचा ते कोणी रोजच्या बोलण्यातलं उदाहरण देऊन सांगेल का, लिंका नकोत प्लीज.

अर्धविराम:
शब्द बरोबर होता हो, जागा चुकली. फाइन नामाच्या आधी आला की कौतुक. 'अ फाइन रिपोर्ट', 'शी इज अ फाइन रायटर', हे जरा जुन्या वळणाचं वाटतं पण खणखणीत आहे. तोच शब्द 'इज'च्या पलीकडे नेऊन ठेवला की बहुतेक वेळा त्याची हवाच जाते, मग उरतं ते ठीक आहे, चालेल, तक्रार नाही. हवामानाला मात्र ही भानगड नाही, 'द वेदर इज फाइन' म्हणजे छान स्वच्छ हवा पडलीय.

तुम्हाला म्हणायचं होतं एक्सलंट, सुपर्ब किंवा सरळ 'ग्रेट वर्क'. तुम्ही म्हणालात त्याचे भाऊबंद म्हणजे ओके, ऑल राइट, ॲक्सेप्टेबल. आणि खरं सांगू का, नुसतं विशेषण टाकण्यापेक्षा कुठला तक्ता आवडला तेवढं लिहिलं असतंत ना तरी भागलं असतं.

खुसपट:
दंडाचं मी सांगतो, माझा आवडता विषय आहे. मूळ लॅटिन शब्द फिनिस, म्हणजे शेवट. भांडण कायमचं मिटवायला, प्रकरणाचा शेवट करायला जे पैसे भरायचे तो फाइन. आणि शेवटपर्यंत नेऊन पूर्ण घडवलेलं, हिणकस काढून टाकलेलं ते पण फाइन. तिथूनच शुद्ध, तलम, बारीक हे अर्थ फुटले. फिनिश, फायनल, रिफाइन ही सगळी त्याच घरातली. सोन्यावर ९९९ असतं तो त्याचा फाइननेस, हजार भागांत ९९९ भाग शुद्ध सोनं. आणि हवेतली २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान धूळ असते तिलाही फाइन पार्टिकल्सच म्हणतात, तिथे कौतुक कसलं, फक्त बारीक. फाइन प्रिंट म्हणजे कराराखालचा बारीक टाइप. 'कटिंग इट फाइन' म्हणजे अगदी आयत्या वेळेवर पोचणं.

वाटसरू:
हे भारी आहे. पण मग 'हाऊ आर यू'ला 'व्हेरी फाइन' म्हटलेलं चालतं का? मी आयुष्यभर तेच म्हणतोय.

अर्धविराम:
कळतं सगळ्यांना, पण कानाला खटकतं. तब्येतीच्या अर्थाने व्हेरी लागत नाही, 'जस्ट फाइन' नाहीतर 'परफेक्टली फाइन' म्हणतात. तसंच 'आय ॲम फायनर टुडे' पण नाही, तिथे बेटर. फायनर लागतो तो बारीक किंवा उत्तम या अर्थालाच. आणि मदत करू का विचारल्यावर कोणी 'नो, आय ॲम फाइन' म्हणालं तर तो तब्येत सांगत नाहीये, नको म्हणतोय.

रिकामटेकडी:
तुम्ही सगळे उगाच फिरताय. फाइनचं मराठी छान नाहीच मुळी, 'बरं' आहे. लावून बघा. तब्येत कशी आहे, बरी आहे. असं करूया का, बरं. भांडणात दात आवळून 'बरं! कर तुला हवं ते' म्हणतो तिथेही 'फाइन! डू व्हॉट यू वॉन्ट.' चॅटवर एकटंच 'फाइन' आणि पुढे ठसठशीत पूर्णविराम आला तर समजायचं की काहीच बरं नाहीये. आता सांगा, दोन रात्री जागून केलेल्या कामाला कोणी 'बरं झालंय' म्हटलं तर तुम्ही काय कराल?

वाटसरू:
अरे देवा. म्हणजे मी तिला आधी 'बरं झालंय' म्हटलं आणि ती नाराज झाल्यावर वर ओरडून सांगितलं 'नाही नाही, बरंच झालंय!' तिने नुसता रिपोर्टच परत लिहिला, मी असतो तर नोकरी सोडली असती.

धीर करून आत्ताच तिला मेसेज केलाय की तुझा पहिलाच रिपोर्ट एक्सलंट होता, पान तीनवरच्या तक्त्याने माझं अर्ध्या दिवसाचं काम वाचवलं, माझा शब्द चुकला, सॉरी. लगेच उत्तर आलं, 'दॅट्स फाइन.'

आता हा कुठला?

खुसपट:
'हरकत नाही'वाला. पण पूर्णविराम तिने दिला होता की तुम्ही?