एका पीएचडीत तीन विषय : खोली जाते का, की प्रश्नच तसा आहे?

उत्तर नागपूर

नमस्कार मंडळी. मन लय भरून आलं म्हणून लिहून राहिलो, थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

माझा पीएचडीचा विषय असा होता की १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर उत्तर नागपुरातल्या बौद्ध कुटुंबांनी जे धंदे उभे केले, म्हणजे छापखाना, बांधकामाची ठेकेदारी, मंडप-डेकोरेशन, गाड्या, त्यात धम्माचा वाटा किती, सरकारी धोरणाचा किती आणि माणसाच्या स्वतःच्या हिमतीचा किती. समितीपुढे गेलो. राज्यशास्त्राचे सर म्हणाले हा कॉमर्सचा विषय आहे, कॉमर्सवाले म्हणाले यात धर्म आला, तत्त्वज्ञानाकडे जा, आणि तिसरे म्हणाले की तत्त्वज्ञानात दुकानांचा सर्व्हे कोण करतं? पंधरा मिनिटांत मी बाहेर. एकानंही विषय चुकीचा आहे असं म्हटलं नाही, फक्त "आमच्याकडे बसत नाही" एवढंच.

आता माझं म्हणणं ऐका. हे तीन विषय मी हौसेनं एकत्र बांधले नाहीत, ते आधीच बांधलेले आहेत. माझ्या फिल्डवर्कमधल्या एका घरी लोखंडी पेटी आहे. तिच्यात एकाच माणसाचे दोन दाखले आहेत, एकावर जात "महार" आणि दुसऱ्यावर "नवबौद्ध". दोन्ही जपून प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडीवर फाटलेले, मागून कागद चिकटवलेला. दोन कशाले? तर दीक्षा घेतली १९५६ ला, पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश झाला १९९० साली. मधली ३४ वर्षं केंद्राच्या सवलतीसाठी एक कागद आणि राज्यासाठी दुसरा. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ ला निघालं, ते राज्याचं, तिथं नवबौद्ध चालत होतं. म्हणजे माणसानं कोणता धर्म लावला त्यावर त्याला कोणत्या खिडकीवर कर्ज मागता येईल हे ठरत होतं. यातला धर्म काढा, राजकारण काढा आणि फक्त "उद्योजकता" उरवून दाखवा मला. काय उरते? एक माणूस आणि त्याचा ठेला, बस.

तुम्हाला काय वाटते ते सांगा. शिव्या असतील तरी चालतील.

निवृत्त मास्तर

बाळा, तुझी तळमळ खरी आहे हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून तुला राग येईल.

मी तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं आणि समितीवरही बसलो आहे. "बसत नाही" हे उत्तर वाईटच, पण त्यामागे एक खरी काळजी असते. तीन विषय घेऊन येणारा पोरगा बहुतेक वेळा एकाही विषयाची पद्धत नीट शिकलेला नसतो. मग पहिल्या प्रकरणात थोडं बुद्ध, दुसऱ्यात थोडं धोरण, तिसऱ्यात पन्नास दुकानदारांची प्रश्नावली, आणि शेवटी "यावरून असे दिसून येते". असे प्रबंध मी स्वतः वाचले आहेत, त्यातून काही म्हणजे काही दिसून येत नाही.

आता तुझ्याच विषयावर बोलू. धम्मामुळे धंदे उभे राहिले असं म्हणायचं असेल तर तुलना कोणाशी करणार? ज्यांनी दीक्षा घेतली नाही अशा चर्मकार समाजाशी केलीस तर त्यांच्याकडे कातड्याचा पिढीजात धंदा होता, ती तुलना तिथेच मोडते. आणि दीक्षेच्या आधीचं काय? किसन फागूजी बनसोडांनी याच नागपुरात १९१० च्या सुमारास स्वतःचा छापखाना काढला, पत्रं चालवली. ते चोखामेळ्याला मानणारे. म्हणजे तू ज्या धंद्याचं नाव यादीत सगळ्यात आधी घेतलंस तो दीक्षेच्या चार दशकं आधी इथे उभा होता, तोही भक्तीच्या परंपरेतून. मग श्रेय कशाला द्यायचं, धम्माला, शिक्षणाला, की गिरणीच्या रोख पगाराला? एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली. महिन्याला हातात नाणं येणं ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती. हे सगळं सुटं करायला अर्थशास्त्राचीच शिस्त लागते. एकच विषय घे, खोल जा.

उत्तर नागपूर

सर, राग नाही आला. बनसोडांचा मुद्दा तर माझ्या ध्यानातच नव्हता, तो मी घेतो.

पण सर, त्या उदाहरणात सुद्धा छापखाना हा धंदा, पत्र हे राजकारण आणि चोखामेळा हा धर्म, तिन्ही एकाच माणसात आहेत ना. एक विषय घे म्हणता तर बनसोडांचा कोणता तुकडा घेऊ? शिस्त पाहिजे हे शंभर टक्के मान्य, पण शिस्त वेगळी आणि कुंपण वेगळं.

आणि बाबासाहेबांकडेच पाहा ना. कोलंबियाचा प्रबंध प्रांतिक वित्तावर, लंडनची १९२३ ची डीएस्सी रुपयाच्या प्रश्नावर, म्हणजे पक्के अर्थतज्ज्ञ. तोच माणूस २० नोव्हेंबर १९५६ ला काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करत बोलला, मालमत्ता, हिंसा, राज्यसत्ता आणि धर्म एकाच भाषणात. त्यांनी कोणत्या बोर्डाला विचारलं?

निवृत्त मास्तर

विचारलं नाही कारण तोवर तीस वर्षांचा पाया झाला होता. आधी रुपया, मग काठमांडू. क्रम उलटा करू नकोस एवढंच माझं म्हणणं.

हिंगणा एमआयडीसी

भाऊ मी फॅब्रिकेशनचं युनिट चालवतो, २२ वर्षं झाली. खरं सांगू का, तुमच्या दोघांचं वाचून मला वाटलं की धंदा करणाऱ्याला कोणी विचारूनच नाही राहिलं.

आमचा प्रॉब्लेम धर्म नाही न राजकारण नाही, आमचा प्रॉब्लेम पेमेंट आहे. माल दिला की पैसे ४५ दिवसांत द्यावे असा कायदा आहे, प्रत्यक्षात चार-चार महिने पार्टी फोन उचलत नाही, आणि तिच्यावर केस करावी तर पुढची ऑर्डर गेली. २०१२ च्या धोरणात लिहिलं आहे की केंद्राच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी एकूण खरेदीतली ४ टक्के एससी-एसटी उद्योजकांकडून करावी. कागदावर लय चांगलं आहे. पण टेंडरमध्ये आधीच्या तीन वर्षांचा टर्नओव्हर मागतात, नवीन पोराने तो कुठून आणावा? यावर पीएचडी करा ना बाप्पा! कोणाला किती दिवसांत पैसे मिळाले एवढं जरी कोणी मोजून मांडलं तर आमच्या असोसिएशनला ते सायबाच्या टेबलावर ठेवता येईल. सुत्तामध्ये, म्हणजे बुद्धाच्या उपदेशात, काय लिहिलं त्यानं माझं सीसी लिमिट, म्हणजे बँकेच्या उचलीची मर्यादा, वाढत नाही.

राग नका मानू. मी पण दरवर्षी दीक्षाभूमीवर जातो, भोजनदानाच्या स्टॉलला माझे पैसे असतात. पण ते वेगळं आणि फॅक्टरी वेगळी.

पालीची विद्यार्थिनी

दादा, "ते वेगळं आणि फॅक्टरी वेगळी" या वाक्यावर मला थांबावंसं वाटलं म्हणून लिहिते.

नाशिकच्या पांडवलेण्यात १० नंबरच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा. तो नहपान या क्षत्रप राजाचा जावई. त्यानं लेणं दान दिलं आणि भिक्षूंच्या खर्चासाठी ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ठेवले. २००० एका श्रेणीकडे महिना शेकडा एक व्याजानं, १००० दुसरीकडे शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायची नाही, फक्त व्याज वापरायचं. आता हिशोब करून पाहा, २००० वर महिना २०, वर्षाचे २४०. आणि लेखात काय लिहिलं आहे? वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. वीस गुणिले बारा, बरोबर २४०! मी पहिल्यांदा वहीत हा गुणाकार केला तेव्हा अंगावर काटा आला होता. दगडावर कोरलेला हिशोब आजही जुळतो. वर हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवून दफ्तरी नोंदवलं असंही त्यात आहे. राजघराणं, संघ आणि विणकरांचा धंदा, तिन्ही एका भिंतीवर. हा लेख फक्त इतिहासवाल्यांचा, की फक्त पालीवाल्यांचा, की फक्त बँकवाल्यांचा?

पण मूळ धागाकर्त्या दादांशीही माझं भांडण आहे. तुम्ही "धम्माचा वाटा किती" असं विचारता, जसं काही धम्म हा प्रश्नावलीतला एक रकाना आहे, एक ते पाचमध्ये खूण करा. तसं नाही होत हो. दीघ निकाय या पाली ग्रंथात सिगालोवाद सुत्त आहे, त्यात गृहस्थाला सांगितलं आहे की मिळकतीचे चार भाग करावे, एक उपभोगाला, "द्वीहि कम्मं पयोजये" म्हणजे दोन कामधंद्यात, आणि चौथा अडीअडचणीला ठेवावा. आजकाल व्यवसायाच्या भाषणांत हे चार भाग फार सांगतात. पण ते सुत्त सुरू होतं सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या एका मुलापासून, आणि त्यात नोकराशी मालकानं कसं वागावं हेही आहे, झेपेल तेवढंच काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारपणात काळजी घ्यावी. तो भाग कोणी सांगत नाही. धम्म घ्यायचा तर पूर्ण घ्या आणि त्यासाठी आधी पाली वाचा. मूळ न वाचता मार्गदर्शकाला खूश करायला दोन गाथा चिकटवणार असाल तर मास्तरांचं म्हणणं मला जास्त पटतं.

कामठी लाइन

कामठीचं कोणी नाव काढलं नाही म्हणून मी काढतो. बाबू हरदास एल. एन. हे "जय भीम" या अभिवादनाशी जोडलेलं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण विडी कामगारांना त्यांनी सहकारी तत्त्वावर एकत्र आणलं हे किती जणांना माहीत आहे? ठेकेदार विड्या नापास करून मजुरी कापायचा, त्याच्यावरचा तो उपाय होता. १९३७ ला निवडून आले, १९३९ ला ऐन पस्तिशीत गेले. माझी आजी विड्या वळायची, तेंदूपत्ता ओला करून सुपात घेऊन बसायची, कातरीने पान कापायची आणि बोटं अशी चालायची की डोळे दुसरीकडेच. ती म्हणायची आपलं राजकारण या सुपातून सुरू झालं. आता सांगा, यात उद्योजक कोण? यूपीआयचं स्टिकर लावून स्टार्टअप म्हणणारा पोरगाच तेवढा उद्योजक काय? सहकार करणाऱ्या मजुराला तुमच्या अभ्यासात जागाच नसेल तर तो अभ्यास अर्धा आहे, मग तीन विषय असो का तेरा.

धंतोलीकर

मी विरोधात. आंतरविद्याशाखीय हा शब्द नव्या शैक्षणिक धोरणापासून फारच चलनात आला आहे आणि त्याच्या नावावर उथळ कामाला दार उघडं झालं आहे. तीन विषय म्हणजे परीक्षक तिन्ही बाजूंनी अर्धवट, राज्यशास्त्रवाला धर्माचा भाग न तपासता पास करतो, धर्मवाला आकडे न पाहता. शेवटी कोणीच जबाबदार नाही.

उत्तर नागपूर

धंतोलीकर, हा मुद्दा सगळ्यात जड आहे. पण त्याचं औषध नियमात आहे ना, यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत दुसऱ्या विभागाचा किंवा दुसऱ्या संस्थेचा सह-मार्गदर्शक घेता येतो. परीक्षकही तसेच मागता येतील. ते कोणी करत नाही, म्हणून विषयच नको म्हणणं मला पटत नाही.

ताई, तुमचं बरोबर आहे, "वाटा किती" हा शब्द मी चुकीचा वापरला. मला खरं पाहायचं आहे ते असं. एका काकांनी मला सांगितलं की त्यांना चौकातल्या गाळ्यात बिअर बारमध्ये भागीदारी मिळत होती, पैसा चांगला होता, पण बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि मद्याचा व्यापार बुद्धानं उपासकाला वर्ज्य सांगितला आहे, म्हणून नाही घेतली. त्या गाळ्यात त्यांनी झेरॉक्स आणि स्टेशनरी टाकली. त्यांच्याच सख्ख्या भावानं मात्र दुसरीकडे बार घेतला, तोही विहाराला वर्गणी देतो. दोघं एका ताटात जेवतात. हे मला समजून घ्यायचं आहे. एक ते पाचमध्ये ते कसं येणार?

एमआयडीसी भाऊ, तुमच्या पेमेंटच्या दिवसांचं मी मोजायला तयार आहे, खरंच. पण एक विचारतो, पहिलं भांडवल कुठून आणलं होतं?

हिंगणा एमआयडीसी

बँकेनं नाही दिलं, दोनदा परत पाठवलं. आईची भिशी होती, विहारातल्या बायांची, बारा जणी. आईचा नंबर सातवा होता पण सगळ्यांनी मिळून पहिला दिला. त्यातून वेल्डिंग मशीन घेतली, सेकंडहॅंड. त्यांच्यापैकी आता चौघीच आहेत.

तुम्ही काय म्हणून राहिले ते समजलं मला. पण पेमेंटचं मोजाच.

पालीची विद्यार्थिनी

दादा, त्या बारा जणींनी नंबर का सोडला हे त्या चौघींना कोणी विचारलं आहे का?

निवृत्त मास्तर

भिशीची गोष्ट वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो, हे कबूल करतो. पण मत बदललेलं नाही. ही यशस्वी माणसाची गोष्ट आहे. भिशीतून मशीन घेऊन दोन वर्षांत बुडालेला माणूस तुला पेटी उघडून दाखवणार नाही, आणि तो सापडल्याशिवाय तुझा निष्कर्ष लंगडाच. बार घेणारा भाऊ तू शोधलास हे चांगलं केलंस. तसाच बुडालेला शोध, निदान जितके टिकलेले तितकेच बुडालेले. महामंडळाची थकबाकी ज्यांच्या नावावर होती त्यांच्यापासून सुरुवात करता येईल, त्यांच्याशी फार जपून बोलावं लागेल पण.

आणि नोंदणी अर्थशास्त्रात कर, सह-मार्गदर्शक पालीचा घे. प्रस्तावातली पहिली ओळ बदल, तिथे त्या दोन दाखल्यांचं लिही. मला पाठव, मी लाल पेन घेऊन बसतो.

उत्तर नागपूर

सर, रविवारपर्यंत पाठवतो. भाऊ, त्या चौघींपैकी कोणी भेटायला तयार असतील तर सांगा, मी आणि ताई दोघंही येऊ.

हिंगणा एमआयडीसी

आईले विचारतो. दुपारी चारनंतर या, त्याआधी त्या विहारात असतात.