मदत हवी आहे: नाशकात जुना अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर स्वस्तात कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी, बाबांच्या जुन्या कॅसेट आणि रेकॉर्ड नीट ऐकायच्यात म्हणून जुना स्टिरिओ सेट शोधतोय, सोनोडाईन किंवा कॉस्मिक या भारतीय कंपन्यांचा मिळाला तर फारच भारी. कॉलेज रोड, गंगापूर रोडला जुने बंगले रिडेव्हलपमेंटला जातायत, घर रिकामं करताना लोक असलं सामान सरळ भंगारात देतात, जीव तुटतो हो. कुणाच्या ओळखीत असं घर असेल तर प्लीज आधी मला सांगा, योग्य पैसे देईन.

बुधवारच्या बाजारात एक स्पीकरची जोडी दिसली, लाकूड एकदम मस्त पण कोनच्या (स्पीकरचा हलणारा पडदा) कडेचा फोम बोट लावलं की भुगा होऊन पडत होता. फोम बदलता येतो म्हणे, पण कोन हलकेच दाबल्यावर आतून खरखर आली, म्हणजे व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) घासतेय ना? मग घेऊ नये असं मला वाटतं. अ‍ॅम्प्लिफायर तिथल्या तिथे कसा तपासायचा? आवाज पूर्ण कमी करूनही हम्म आला तर बहुधा फिल्टरचे कपॅसिटर (आतला वीजपुरवठा स्थिर ठेवणारे भाग) गेलेले असतात एवढं माहितीये. आणि नाशकात रेकॉर्ड प्लेअरचा बेल्ट, सुई बसवून देणारा कुणी जुना मेकॅनिक अजून आहे का, की पुण्याच्या जुन्या बाजारातच जावं लागेल?