थंडीत रोपं जपायला घरातलं काय काय कामी आलं?

मिरची, वांगी, टोमॅटोची कोवळी रोपं डिसेंबर-जानेवारीत जागच्या जागी बसून राहतात. पुण्यात पाषाण, एनडीएकडे पारा ८-९ अंशांवर येतो तेव्हा मगरपट्ट्यात बराच जास्त असतो, म्हणून आपला भाग जरूर लिहा. विकतची जाळी-बिळी नको, घरातल्या वस्तूंचे प्रयोग सांगा.

पाषाण, गच्ची : जुनी सुती साडी दुहेरी करून काठ्यांवर टाकते, अंधार पडायच्या आत. निरभ्र रात्री कुंड्यांची ऊब उघड्या आभाळाकडे निघून जाते, ती साध्या कापडानेही अडते. ढगाळ रात्री मी काही झाकत नाही. कापड पानांना टेकू देऊ नका. दवाने भिजून चिकटतं आणि तुळशीची तेवढीच पानं काळी पडतात.

सहकारनगर : पाण्याच्या २ लिटरच्या बाटलीचं बूड कापायचं, रोपावर ठेवून बोटभर मातीत रुतवायची. रात्री बूच लावायचं, सकाळी आठवणीने काढायचं. आपल्याकडे थंडीतही दुपारी २८-३० अंश होतात, बंद बाटलीत पानांच्या कडा शिजतात. सकाळी लवकर कामावर पळणाऱ्यांनी बूच लावूच नये. थंडीपेक्षा त्या दुपारनेच जास्त रोपं जातात, असं माझं मत.

कोथरूड, तिसरा मजला : गॅलरीत झाकायचं कशाला? पश्चिमेच्या भिंतीला कुंड्या चिकटवा, ती रात्री उशिरापर्यंत कोमट असते.

वारजे : मिरचीचं बी थंडीत रुजता रुजत नाही. मी श्रीखंडाच्या डब्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून, झाकण लावून, डबा थर्माकोलच्या खोक्यात ठेवतो. खोका स्वयंपाकघरात. कोंब दिसला की मात्र लगेच उजेडात, नाहीतर रोपं लांबुडकी होऊन मान टाकतात.

हडपसर : आमच्या सासूबाईंचा नियम : संध्याकाळी पाणी नाही. वर झाकण आणि खाली रात्रभर ओली माती, म्हणजे बुडखा कुजून रोप आडवं. ऊन अंगावर आलं की पाणी, तेही बादलीत भरून ठेवलेलं. टाकीचं पहाटे बर्फगार असतं.

सदाशिव पेठ : मेथी, पालक, कोबी, मटार यांना थंडीच हवी असते, त्यांना कृपया गोधड्या पांघरू नयेत. १७ जानेवारी १९३५ ला शिवाजीनगरला १.७ अंश नोंदले होते. तेव्हा कोणी झाकलं असेल तर समजू शकतो.

बावधन : साडीचा तंबू केला, आता शेजारचं मांजर रोज आत येऊन वाफ्यात झोपतं. संत्र्याची सालं टाकली तरी ढिम्म हलत नाही. काय करावं?

पाषाण, गच्ची : जुन्या खराट्याचे हीर तोडून रोपांमध्ये दाटीने खोचा, टोकं वर. बसायला जागाच उरत नाही. वितभर उंच ठेवलेत तर साडीही पानांवर टेकणार नाही.